‘आता वाकायचं नाही’ : जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, अस्थिरोगतज्ज्ञ आणि माझे फिजिओथेरपिस्ट सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली एकवीस वर्षे मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना तुमच्यापैकीच कोणीतरी चिठ्ठी देऊन पाठवलेले असते. त्या चिठ्ठीत निदान असते, मशिनचे नाव असते आणि किती दिवस यायचे ते असते. पण रुग्ण आणखी एक गोष्ट बरोबर आणतो, जी चिठ्ठीत कधीच लिहिलेली नसते. आपल्याला काय झाले आहे, ते कशाने झाले, कशाने वाढेल आणि शेवटी आपले काय होईल, याबद्दलची त्याची पक्की समजूत. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात उपचारांचे पुढे काय होणार, हे या समजुतीवर फार मोठ्या प्रमाणात ठरते. आणि ती समजूत बहुतेक वेळा आपल्याच तोंडच्या एखाद्या वाक्यातून तयार झालेली असते. हे पत्र त्या वाक्यांबद्दल आहे.

गेल्या वर्षी द्राक्षांच्या फळछाटणीच्या दिवसांत एक बेचाळीस वर्षांच्या बाई माझ्याकडे आल्या. हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात तीन वर्षांचे एक्स-रे, दोन एमआरआय आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, श्वास रोखून त्या बसल्या आणि कुठे दुखते हे सांगण्याआधीच म्हणाल्या, “मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे, चौथ्या-पाचव्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, आता वाकायचं नाही.” त्यानंतर तीन वर्षे त्या वाकल्या नव्हत्या. फरशी मुलगी पुसायची, पाण्याची घागर सासूबाई उचलायच्या, बागेतली विरळणीची मजुरी सुटली होती, कमरेचा पट्टा झोपतानाही निघत नव्हता. एवढी काळजी घेऊन दुखणे कमी व्हायला हवे होते. ते वाढले होते.

मी तपासले. पायांतली ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीला थोडा फुगवटा असल्याचे लिहिले होते. मी विचारले, “गॅप म्हणजे नेमके काय झाले आहे, असे तुम्हाला वाटते?” त्यांनी दोन मुठी एकमेकींवर ठेवल्या, मग हळूच त्या एकमेकींपासून दूर केल्या आणि म्हणाल्या, “असं. वाकलं की अजून सुटणार. एक दिवस नस तुटली की पाय गेले.” एकवीस वर्षांत हा प्रश्न मी फार कमी वेळा विचारला होता, याची त्या दिवशी मला खंत वाटली.

‘गॅप’ या शब्दाकडे जरा थांबून पाहू या. एक्स-रेमध्ये आपल्याला बहुधा दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते, म्हणजे मणके थोडे जवळ आलेले असतात. आपण घाईत ‘गॅप आहे’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमके उलटे चित्र उभे राहते: मणके एकमेकांपासून सुटले आहेत, मध्ये पोकळी पडली आहे आणि ती वाढत जाणार आहे. ‘शीर दबली’, ‘मणका सरकला’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’, ‘वाटी झिजली’ हे सगळे शब्द याच वाटेने जातात. यंत्राचा एखादा भाग झिजला की तो वापरायचा नाही, नाहीतर बदलायचा, एवढेच रुग्णाला त्यातून कळते. सांधा मोजक्या वापराने उलट बळकट होतो, चकतीला हालचालीतूनच पोषण मिळते, ही गोष्ट त्या चित्रात कुठेच बसत नाही.

त्या बाईंच्या अहवालात लिहिलेले खोटे नव्हते. पण ते किती लोकांत सापडते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या ३३ अभ्यासांतून एकत्र करून पाहिल्या होत्या. चकतीची झीज विसाव्या वर्षी ३७ टक्के, पन्नासाव्या वर्षी ८० टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के लोकांत दिसली. चकतीचा फुगवटा याच वयांना अनुक्रमे ३०, ६० आणि ८४ टक्के लोकांत होता. म्हणजे पन्नाशीच्या दहा धडधाकट माणसांचा एमआरआय काढला, तर सहा जणांना आपण ‘गॅप’ सांगू शकतो. केस पांढरे होण्याला आपण रोग म्हणत नाही. मणक्यांच्या बाबतीत मात्र वयाच्या खुणा रुग्णाच्या हातात देताना आपण वयाचा उल्लेखच करत नाही.

तपासणी संपल्यावर पैसे काढताना त्या बाईंच्या बटव्यातली चिल्लर जमिनीवर पडली. त्या खाली वाकल्या. एक नाणे उचलले, दुसरे उचलले, तिसरे टेबलाच्या पायाजवळ गेले होते तेही उचलले, आणि चौथ्याकडे हात जाता जाता त्यांना आठवले. हात कमरेवर गेला, चेहरा ओढला गेला आणि मला धरून त्या सावकाश वर आल्या. अशा प्रसंगी पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘ही नाटक करते आहे’ असा, आणि घरोघरी तो बोलूनही दाखवला जातो. तो चुकीचा आहे. चौथ्या नाण्यापाशी त्यांना झालेली वेदना चटका बसल्याच्या वेदनेइतकीच खरी होती. पहिल्या आणि चौथ्या नाण्याच्या मध्ये मणक्यात नवे काही घडले नव्हते. आपण वाकलो आहोत आणि वाकणे घातक आहे, एवढीच आठवण झाली होती, आणि दुखायला तेवढी पुरली होती.

वेदनेच्या अभ्यासासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यात वेदना हा शरीराच्या इजेशी निगडित किंवा तशा इजेसारखा वाटणारा, संवेदना आणि भावना या दोन्हींचा मिळून बनलेला त्रासदायक अनुभव मानला आहे, आणि माणूस दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याचा आदर करावा, असेही सोबत नोंदवले आहे. दुखणे जुने होते तेव्हा इजा बरी झालेली असली तरी चेतासंस्था पहारा सोडत नाही. नवख्या पहारेकऱ्याने पान हलले तरी शिट्टी मारावी, तशी ती साध्या हालचालीलाही धोका समजू लागते. धोका किती मोठा, हे ठरवताना ती शरीराकडून आलेल्या संदेशांबरोबरच माणसाच्या समजुती, आठवणी आणि भीती हेही जमेस धरते. व्लायन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली हे चक्र नीट मांडून दाखवले: दुखण्याचा अर्थ ‘अनर्थ’ असा लागला की भीती, भीतीमुळे हालचाल टाळणे, टाळण्यामुळे स्नायूंची दुर्बलता, घरात अडकून पडणे आणि मनाचे खचणे, आणि त्यातून पुन्हा वाढलेले दुखणे. त्या बाईंची तीन वर्षे या चक्रात अक्षरशः टप्प्याटप्प्याने गेली होती.

समजुतीचा परिणाम औषधावरही होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेने वेदना देऊन शिरेतून रेमिफेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक सुरू केले. औषध सुरू आहे असे सांगितल्यावर त्याचा गुण जवळजवळ दुप्पट झाला. औषध चालूच ठेवून ‘आता ते थांबवले आहे’ असे सांगितले, तेव्हा त्याचा परिणाम दिसेनासा झाला. अफूवर्गातल्या औषधाची ही गत असेल, तर ‘मॅडम, हे करून काही होणार नाही, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून आलोय’ असे म्हणत येणाऱ्या माणसाला मी दिलेल्या व्यायामाचे काय होत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

समजुती काही फक्त दवाखान्यातून येतात असे नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेला लावून घेणारी पिढी अजून आहे, आणि मला तिच्याबद्दल तक्रार नाही, कारण लाथ लागल्यावर माणूस उठून कामाला लागायचा. ‘आता वाकू नको’ असे त्या पायाळूने कधी सांगितले नाही. त्याउलट सिझेरियनच्या वेळी ‘कमरेत इंजेक्शन दिलं तेव्हापासून’ कंबर दुखते, असे सांगणाऱ्या बाया मला दर आठवड्याला भेटतात. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते, पण त्या इंजेक्शनाने वर्षानुवर्षांची कंबरदुखी जडते याला संशोधनाचा आधार नाही. तरीही ही समजूत टिकून आहे, कारण बाळंतपणानंतरची अपुरी झोप, पाच-सहा किलोचे मूल दिवसभर कडेवर, आणि महिनाभरात पुन्हा सुरू झालेले घरकाम, यांतल्या कशालाही दुखण्याचे कारण म्हणण्याची मुभा त्या बाईला घरात नसते. सुईला दोष देता येतो.

इथे मला तुमचे विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण चांगल्या हेतूने काम करणारेही इथेच चुकतात, मीही चुकले आहे. त्या बाईंना मी पहिल्याच दिवशी उत्साहाने सांगितले की ‘गॅप वगैरे काही नसते, हे वयाप्रमाणे सगळ्यांनाच होते’. मला वाटले होते त्यांना हायसे वाटेल. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, “मग घरी काय सांगू?” तो अहवाल त्यांचा दाखला होता. सूज नाही, प्लास्टर नाही, ताप नाही, अशा दुखण्याने तीन वर्षे घागर न उचलणाऱ्या सुनेकडे घर कसे पाहते, हे वेगळे सांगायला नको. ‘गॅप’ या शब्दानेच त्यांना भीती दिली होती, आणि त्याच शब्दाने त्यांना घरात आजारी असण्याचा हक्क दिला होता. भीती काढून घेताना मी तो हक्कही काढून घेत होते.

म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य ‘मणका झिजला आहे’ या वाक्याइतकेच नुकसान करते. ‘झिजला’ ऐकून माणूस हालचाल सोडतो, ‘नॉर्मल’ ऐकून तो आपल्याला सोडतो आणि ज्या कोणाला त्याचे दुखणे खरे वाटेल त्याच्या शोधात निघतो. चार डॉक्टर, दोन वैद्य, एक हाडवैद्य आणि तीन एमआरआय असा प्रवास करून आलेल्या रुग्णाला आपण ‘डॉक्टर बदलत फिरणारा’ म्हणतो; पण प्रत्येक दारातून त्याला यांतले कोणते वाक्य मिळाले, हे विचारून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, दीर्घकालीन प्राथमिक वेदना हे स्वतंत्र निदान आहे. म्हणजे ‘तुमचे दुखणे खरे आहे, त्याला नाव आहे, आणि ते मणका मोडल्यामुळे नाही’ ही तिन्ही विधाने एका दमात करता येतात आणि तिन्ही खरी असतात. दुसऱ्या भेटीत मी त्या बाईंच्या पतींना आणि सासूबाईंना बोलावून हेच सांगितले. सासूबाईंनी फक्त विचारले, “म्हणजे खोटं नाही ना?” नाही, असे मी म्हणाले, आणि त्या खोलीतले वातावरण बदललेले मला जाणवले.

औषधांबाबत एक छोटी पण रोज दिसणारी गोष्ट. जुनाट दुखण्यासाठी तुम्ही अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटीन देता, ते योग्यच आहे. पण ‘रात्री एक गोळी घ्या’ एवढेच ऐकून रुग्ण घरी जातो, मुलगा मोबाइलवर नाव टाकून पाहतो आणि तिथे ‘डिप्रेशन’ दिसते. आपल्या दुखण्याला डॉक्टरांनी वेड ठरवले, असा त्याचा अर्थ लागतो आणि गोळी कचऱ्यात जाते. माझ्या दवाखान्यात अशी न उघडलेली पाकिटे दाखवणारे रुग्ण कमी नाहीत. ‘ही गोळी नैराश्यावरही देतात, पण तुम्हाला ती नसांचा दुखण्याचा आवाज कमी करण्यासाठी देत आहे, गुण यायला काही आठवडे लागतील’ हे वाक्य बोलायला दहा-पंधरा सेकंद पुरतात.

आता माझ्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल. आमच्याकडे येणारा रुग्ण म्हणतो, “व्यायाम घरी करीन, इथं मशीन लावा.” आणि आम्ही लावतो. शेक देतो, करंट देतो, कमरेला वजन लावून ट्रॅक्शन देतो, पट्टा विकतो. दहा दिवस रुग्ण पालथा पडून राहतो आणि आपल्या शरीरावर इलाज दुसऱ्या कोणीतरी करायचा असतो, ही समजूत दहा दिवस पक्की होत जाते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कंबरेच्या दीर्घकालीन दुखण्यावर प्रथमच मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत स्वतःची काळजी घेण्याचे शिक्षण, व्यायाम आणि मानसोपचारातील काही पद्धती सुचवल्या आहेत. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे म्हटले आहे. तुमच्या चिठ्ठीवर आजही ‘शेक, ट्रॅक्शन, दहा दिवस’ असते आणि आमच्या भिंतीला ट्रॅक्शनचे टेबल लावलेले असते. दोघांनी मिळून ते हलवले पाहिजे. मी माझे गेल्या दिवाळीत काढले. त्यानंतर दोन महिने उत्पन्न घटले, हे मी लपवत नाही, आणि सहकाऱ्यांची अडचण मला कळते.

समजुती बदलतात का, असा प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दोन-तीन वर्षे दूरचित्रवाणीवरून एक साधा संदेश दिला: कंबर दुखली म्हणून अंथरूण धरू नका, हालचाल चालू ठेवा, कामावर जा. शेजारच्या न्यू साउथ वेल्सशी तुलना केली तेव्हा व्हिक्टोरियातील लोकांच्या आणि, लक्षात घ्या, डॉक्टरांच्याही समजुती बदललेल्या आढळल्या, आणि कंबरदुखीपोटी होणारे भरपाईचे दावेही घटले. २०२३ साली त्याच देशात ४९२ रुग्णांवर झालेला एक मोठा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपिस्टनी रुग्णाला त्याचे दुखणे त्याच्याच आयुष्यातून समजावून दिले, ज्या हालचालीची भीती वाटते तीच हालचाल सैलपणे, श्वास न रोखता हळूहळू करवून घेतली, आणि मोजक्याच भेटींतून मिळालेला फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. या कामाला यंत्र लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ द्यायची माझी तयारी आहे. पण त्या खोलीत माझ्या शब्दावर तुमचा शब्द भारी पडतो.

तुमच्या ओपीडीत सकाळपासून ऐंशी रुग्ण असतात, हे मी जाणते. अहवालावर ‘या वयात असे बदल दुखणे नसलेल्यांतही दिसतात’ अशी ओळ छापून प्रश्न सुटेल, असेही मला वाटत नाही; अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या अहवालांत अशी ओळ घालून पाहिली, तेव्हा पुढच्या तपासण्या आणि उपचारांचा एकूण भार त्याने कमी झाला नाही, असे २०२० साली दिसून आले. छापील ओळ रुग्ण वाचत नाही, तो तुमचा चेहरा वाचतो. फिल्म उजेडात धरून तुम्ही ‘अरे बापरे’ म्हणालात, तर पुढचे काही त्याला ऐकू येत नाही. तेव्हा मागणे एवढेच आहे की फिल्म पाहून जे वाक्य तुम्ही आजही बोलताच, त्याच्या जागी दुसरे बोला. ‘झीज आहे’ ऐवजी ‘वयाप्रमाणे बदल आहेत, मणका भक्कम आहे’. ‘वजन उचलू नका’ असे सांगायचेच असेल, तर किती दिवस ते सांगा. आणि जमेल तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पायातली ताकद झपाट्याने जाणे, ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वीचा कर्करोग, अशा खुणा असतील तिथे तातडीने तपासणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. ते रुग्ण थोडे असतात आणि त्यांना शोधून काढण्याचे तुमचे कसब मी पाहिले आहे. मी उरलेल्यांबद्दल लिहीत आहे.

त्या बाईंना सगळे पटले होते, पण त्या वाकायला तयार नव्हत्या. “तुमचं बरोबर असेल मॅडम, पण डॉक्टरांनी सांगितलंय ना. त्यांच्याकडून लिहून आणा.” मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सज्जन आणि कष्टाळू गृहस्थ आहेत. त्यांना आधी आठवेना, मग जुने कागद पाहून ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “मी ‘आता वाकायचं नाही’ म्हणालो असेन, पण ते पंधरा दिवसांसाठी. तेव्हा तिला तीव्र चमक भरली होती.” त्यांनी ‘आता’ म्हटले होते ते ‘सध्या’ या अर्थाने; बाईंनी ऐकले ते ‘इथून पुढे’ या अर्थाने. आपल्या भाषेत दोन्ही अर्थ त्या एका शब्दात बसतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या लेटरहेडवर मराठीत लिहून दिले: ‘मणका मजबूत आहे. हळूहळू वाकण्यास व वजन उचलण्यास हरकत नाही.’ खाली सही, शिक्का, तारीख. मग आम्ही रिकाम्या बादलीपासून सुरुवात केली, पुढे तिच्यात दोन तांबे पाणी, मग चार. एप्रिलच्या खरडछाटणीला त्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर बागेत गेल्या. कंबर अजून दुखते, काही दिवस बरीच दुखते, आणि तसे त्या सांगतातही. पण पट्टा खुंटीला आहे. ती चिठ्ठी त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली आहे आणि त्याच कापडदुकानाच्या पिशवीत, एमआरआयच्या वर ठेवली आहे.

यापुढे माझ्याकडे रुग्ण पाठवताना अशी एक ओळ आपल्या हाताने लिहून द्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट